तारामती ते मिसेस ब्रगांझा : दुर्गाबाई खोटे यांची पन्नास वर्षे



दादासाहेब फाळके यांना तारामती मिळेना. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’साठी त्यांनी नाना खटपटी केल्या, पण कॅमेऱ्यासमोर उभी राहायला बाई तयार होईना. अखेर खानावळीत काम करणाऱ्या अण्णा साळुंके नावाच्या तरुणाला लुगडे नेसवून त्यांनी तारामती उभी केली. याच साळुंक्यांनी पुढे १९१७च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या.

‘राजा हरिश्चंद्र’नंतर एकोणीस वर्षांनी, १९३२ साली, ‘प्रभात’ कंपनीने तीच कथा बोलपटात आणली. ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट ६ फेब्रुवारी १९३२ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला, तेव्हा तारामतीच्या वेषात एक सत्तावीस वर्षांची, कॉन्व्हेंटी वळणाच्या शाळेत आणि सेंट झेवियर्स कॉलेजात शिकलेली, दोन मुलांची आई होती. दुर्गाबाई खोटे. आणखी दोन वर्षांनी त्या सीताही झाल्या. साळुंक्यांनी निभावून नेलेल्या दोन्ही भूमिका अशा एका सुशिक्षित मराठी स्त्रीकडे आल्या.

दुर्गाबाईंचा विषय निघाला की एक वाक्य हमखास ऐकू येते : चित्रपटात आलेली कुलीन घराण्यातली पहिली स्त्री. शाळेच्या पुस्तकापासून श्रद्धांजलीच्या लेखापर्यंत हेच वाक्य फिरत राहिले आहे. आजच्या व्याख्यानाचे म्हणणे असे की, या वाक्याने दुर्गाबाईंचा मोठेपणा वाढत नाही, उलट कमी होतो. त्यांचे खरे कर्तृत्व त्या कोणत्या घरातून आल्या यात नाही. आल्यानंतर पन्नास वर्षे त्यांनी काम कसे केले, कोणाच्या अटींवर केले, किती प्रकारांनी केले, यात ते आहे.

शिवाय त्या वाक्यात एक अन्यायही दडलेला आहे. फाळक्यांच्याच ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये १९१३ साली दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या होत्या. हीच मुलगी पुढे कमलाबाई गोखले म्हणून नावारूपाला आली. फातमा बेगम यांनी १९२६ साली ‘बुलबुल-ए-परिस्तान’ दिग्दर्शित केला होता. त्यांची मुलगी झुबेदा पहिल्या भारतीय बोलपटाची, ‘आलम आरा’ची, नायिका झाली. रुबी मायर्स ‘सुलोचना’ या नावाने मूकपटांवर राज्य करीत होत्या. येवल्याच्या ललिता पवार लहान वयापासून कॅमेऱ्यासमोर होत्या. या सगळ्या बायका कष्टाने, हिमतीने या धंद्यात टिकल्या होत्या. त्यांच्या नंतर आलेल्या एकीला ‘पहिली कुलीन’ म्हणताना आपण या बाकीच्यांना नकळत कोणत्या रांगेत उभे करतो, याचा विचार झाला पाहिजे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५चा. माहेरचे नाव विठा लाड. वडील पांडुरंगराव मुंबईतले सॉलिसिटर. गिरगावातल्या कांदेवाडीत मोठे एकत्र कुटुंब. शिक्षण कॅथेड्रल हायस्कूलमध्ये, त्यानंतर सेंट झेवियर्समध्ये. लग्न लवकर झाले. पती विश्वनाथ खोटे हे बनारस हिंदू विद्यापीठातून शिकलेले मेकॅनिकल इंजिनीअर. बकुळ आणि हरीन ही दोन मुले. सासरची सांपत्तिक स्थिती पार ढासळली आणि ऐन तारुण्यात वैधव्यही वाट्याला आले. दागदागिन्यांत वाढलेल्या या मुलीने सुरुवातीला शिकवण्या धरल्या. सिनेमा आला तो त्यानंतर, आणि तोही मिळकतीची गरज म्हणून. कलेची हाक, रंगभूमीची ओढ असे काही त्यामागे नव्हते. घर चालवायचे होते.

१९३१ साली मोहन भवनानी यांच्या ‘फरेबी जाल’मध्ये त्यांनी छोटी भूमिका केली. चित्रपट सुमार होता. नातलगांत, समाजात गहजब झाला. लाडांच्या घरची मुलगी असल्या चित्रपटात दिसली म्हणून दोन्ही घरांना बोल लागले. दुसरी कोणी असती तर तिथेच थांबली असती. पण याच चित्रपटामुळे ‘प्रभात’च्या व्ही. शांताराम यांची नजर त्यांच्यावर गेली आणि त्या कोल्हापूरला गेल्या.

इथे थोडे थांबून काळ पाहायला हवा. १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ आला आणि वर्षभरात सगळे गणित बदलले. मूकपटात चेहरा, डोळे, हालचाल एवढ्यावर भागत असे. भाषा कोणतीही असो, पाट्या बदलल्या की झाले. बोलपटाला मात्र जिभेवर भाषा हवी होती, गळ्यात सूर हवा होता. पार्श्वगायन अजून सुरू व्हायचे होते. गाणे असेल तर नटीने ते कॅमेऱ्यासमोर स्वतः म्हणायचे, साथीचे वादक चौकटीबाहेर बसवायचे आणि चित्र व ध्वनी एकाच वेळी टिपायचे. मध्ये कोणी शिंकले तर पुन्हा पहिल्यापासून. मूकपटातल्या कित्येक नामांकित नट्या या पायरीवर अडखळल्या. ज्यांची बोली स्वच्छ, उच्चार शुद्ध आणि आवाज लावता येणारा, अशांचा भाव वधारला. दुर्गाबाईंकडे हे सगळे होते. त्यांचे घराणे नव्हे, तर त्यांची भाषा आणि आवाज त्या वेळच्या चित्रपटाला हवे होते.

‘अयोध्येचा राजा’ मराठी आणि हिंदी अशा दोन आवृत्त्यांत झाला. म्हणजे एक प्रसंग मराठीत करायचा, दिवे तसेच, नेपथ्य तसेच, आणि पुन्हा तोच प्रसंग हिंदीत. रडणे दोनदा, विनवणी दोनदा, गाणे दोनदा. हरिश्चंद्र झाले होते गोविंदराव टेंबे. संगीतही त्यांचेच. बाबूराव पेंढारकर आणि मास्टर विनायक हेही सोबत होते. अशा मुरलेल्या मंडळींत ही नवखी बाई उभी होती. आज हा चित्रपट पाहिला तर टेंब्यांच्या अभिनयात संगीत नाटकाची ढब स्पष्ट दिसते. दुर्गाबाईही काही ठिकाणी त्याच ढबीने बोलतात. पण मधूनच त्या आवाज खाली आणतात, मान किंचित वळवतात, आणि शब्द संपल्यावरही चेहऱ्यावर भावना टिकवून धरतात. प्रेक्षागृहातल्या शेवटच्या रांगेसाठी बोलायचे नाही, कॅमेरा जवळ आहे, हे त्यांना फार लवकर उमगले होते. ‘आलम आरा’ची प्रत आज जगात कुठेही नाही. ‘अयोध्येचा राजा’ मात्र आहे, आणि म्हणून भारतीय बोलपटाच्या पहिल्या पावलांचा अभ्यास करणाऱ्याला दुर्गाबाईंचा आवाज टाळून पुढे जाताच येत नाही.

त्याच वर्षी ‘माया मच्छिंद्र’ आला. त्यात त्या स्त्रीराज्याच्या राणी होत्या, आणि पायाशी पाळीव चित्ता. वर्षाच्या सुरुवातीला नवऱ्याच्या सत्त्वासाठी बाजारात विकली जाणारी तारामती आणि वर्ष संपण्याच्या आत पुरुषांना दरबारात वाकायला लावणारी राणी. एका वर्षात दोन टोके.

मग त्यांनी जे केले ते त्या काळात धाडसाचे होते. तेव्हाचा कलावंत कंपनीचा पगारी नोकर असे. ‘प्रभात’ असो, ‘न्यू थिएटर्स’ असो वा ‘बॉम्बे टॉकीज’, दरमहा पगार घ्यायचा, कंपनी सांगेल ते काम करायचे, दुसऱ्या कंपनीच्या दारात पाऊल टाकायचे नाही. या पद्धतीत सुरक्षितता होती, विशेषतः दोन मुले पदरी असलेल्या बाईसाठी. दुर्गाबाईंनी ती सोडली. १९३३ साली त्या कलकत्त्याला गेल्या आणि ‘न्यू थिएटर्स’मध्ये देबकी बोस यांच्या दिग्दर्शनाखाली ‘राजरानी मीरा’ केला. १९३४ साली देबकी बोस यांच्याच हाताखाली, पण ईस्ट इंडिया फिल्म कंपनीसाठी, ‘सीता’ केला. राम होते पृथ्वीराज कपूर. हा चित्रपट व्हेनिसच्या महोत्सवात दाखवला गेला. आंतरराष्ट्रीय महोत्सवात भारतीय चित्रपट जाण्याची ती सुरुवात होती. मग पुण्याला येऊन पुन्हा ‘प्रभात’, त्यानंतर मुंबईत ‘प्रकाश पिक्चर्स’, ‘मिनर्व्हा’, अत्रे पिक्चर्स. ज्या कंपनीची भूमिका चांगली तिथे करार करायचा, काम संपले की मोकळे. आज प्रत्येक नट असेच काम करतो आणि त्यात कोणाला विशेष वाटत नाही. १९३३ साली एका बाईने हे करून दाखवले, आणि नटाने कंपनीचे नोकर न राहता स्वतःच्या कामाचे मालक होण्याची वाट ज्या मोजक्या लोकांनी पाडली त्यांत त्या अगदी पुढे होत्या. त्यांच्या चरित्रातले सर्वांत महत्त्वाचे पान हे आहे, असे प्रस्तुत व्याख्यानाचे ठाम मत आहे. सामाजिक बंड सगळ्यांना दिसते, व्यवसायातले बंड कोणी नोंदवत नाही.

१९३६चा ‘अमरज्योती’ जरा सविस्तर पाहण्यासारखा आहे. सौदामिनी ही त्याची नायिका. राज्याचा कायदा आईला मुलाचा ताबा देत नाही. मुलगा हिरावला जातो, दाद मागितली तर राणीचा दरबारही तिला नाकारतो. तेव्हा ती समुद्रावर जाते, चाचेगिरी पत्करते, स्वतःचे जहाज, स्वतःचे सैन्य उभे करते आणि ज्या मंत्र्याने तिच्यावर अन्याय केला त्या दुर्जयाला पकडून त्याचा पाय तोडते. दुर्जय होते चंद्रमोहन, ज्यांचे डोळे हीच त्यांची ओळख होती. त्या डोळ्यांसमोर नजर न ढळू देणारी नटी हवी होती. दुर्गाबाईंची सौदामिनी घसा फोडून ओरडत नाही. ताठ मानेने, एकेक शब्द तोलून बोलते, आणि म्हणूनच तिची चीड पोहोचते. सूडाने पेटलेल्या त्या बाईत हरवलेल्या मुलाची आई शेवटपर्यंत जागी राहते. नव्वद वर्षांपूर्वीच्या भारतीय चित्रपटात आईच्या हक्कासाठी शस्त्र उचलणारी नायिका होती, हे आजच्या तरुण प्रेक्षकांना सांगितले तर पटत नाही. हाही चित्रपट व्हेनिसला गेला.

तीस ओलांडलेल्या नटीचे पुढे काय होते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. नायिकेच्या भूमिका आटतात आणि पुष्कळजणी बाजूला पडतात. दुर्गाबाईंनी या वळणावर आपला पल्ला वाढवला. १९३८च्या सुमारास ‘साथी’ या चित्रपटाच्या निर्मितीत उतरून त्यांनी पडद्यामागचा व्यवहारही अंगावर घेतला. १९४१ साली आचार्य अत्र्यांचा ‘पायाची दासी’ आला. दिग्दर्शक गजानन जागीरदार, छळ सोसणारी सून वनमाला, आणि खाष्ट सासू दुर्गाबाई. वय छत्तीस. कालपरवापर्यंत राणी आणि चाचीण झालेल्या नटीने सासूचे दुष्टपण इतके खरे केले की घराघरांतल्या सुनांना आपली सासू पडद्यावर आली असे वाटावे. पुढच्याच वर्षी विजय भट्ट यांच्या ‘भरत मिलाप’मध्ये त्या कैकेयी झाल्या. सासू आणि कैकेयी, दोन्ही प्रेक्षकांच्या रोषाच्या भूमिका. या दोन्हींसाठी बंगालच्या चित्रपट पत्रकार संघटनेने लागोपाठ दोन वर्षे त्यांना उत्कृष्ट अभिनेत्रीचा मान दिला. १९४३मध्ये सोहराब मोदी यांच्या ‘पृथ्वीवल्लभ’मध्ये मृणालवती झाल्या. कठोर व्रतस्थ राजस्त्री आणि कैदेतला राजा मुंज, म्हणजे खुद्द मोदी, यांची शाब्दिक चकमक हा त्या चित्रपटाचा प्राण. मोदींचा खर्जातला भारदस्त आवाज अख्खे चित्रगृह व्यापत असे. त्याला तोडीस तोड उत्तर देणारी नटी म्हणून दुर्गाबाईंकडे बोट दाखवले गेले.

रंगभूमीवर त्या उशिरा आल्या, सिनेमात नाव झाल्यावर. सर्वसाधारण क्रम याच्या उलटा असतो. मुंबई मराठी साहित्य संघाच्या नाट्यचळवळीत त्या मनापासून रमल्या. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त आनंदीबाई आणि ‘मॅकबेथ’वरून वि. वा. शिरवाडकरांनी लिहिलेल्या ‘राजमुकुट’मधली राणी, या त्यांच्या गाजलेल्या भूमिका. समोर नानासाहेब फाटकांसारखा बुलंद नट. आनंदीबाई काय, मॅकबेथची बायको काय, सत्तेच्या लोभाने नवऱ्याला पुढे ढकलणाऱ्या स्त्रिया. पडद्यावर कैकेयी केलेली नटी रंगमंचावरही सोयीच्या, सहानुभूतीच्या भूमिकांमागे गेली नाही. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यांचा मुलगा हरीन याच्याशी लग्न झालेल्या विजयाबाई पुढे विजया मेहता म्हणून मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या अध्वर्यू झाल्या, म्हणजे खोटे घराण्याचा रंगभूमीशी असलेला संबंध पुढच्या पिढीतही राहिला. हरीन मात्र अकाली गेले. मुलांसाठी ज्या आईने हा व्यवसाय धरला, तिच्या वाट्याला मुलाचा मृत्यू पाहणे आले. त्यानंतरही त्या काम करीत राहिल्या.

१९५०नंतरच्या दशकात त्यांनी ‘फॅक्ट फिल्म्स’ ही संस्था काढून माहितीपट, लघुपट, जाहिरातपट करायला घेतले. पुढे ‘दुर्गा खोटे प्रॉडक्शन्स’ उभी राहिली. आर. के. लक्ष्मण यांच्या व्यंगचित्रांतल्या सामान्य माणसाच्या जगावर बेतलेली ‘वागले की दुनिया’ ही मालिका १९८८ साली दूरदर्शनवर आली, ती याच संस्थेची. कुंदन शाह यांचे दिग्दर्शन, अंजन श्रीवास्तव आणि भारती आचरेकर यांचे वागले दांपत्य. १९३१ साली मूकपट अजून संपलेला नव्हता तेव्हा कामाला लागलेल्या बाईची निर्मितीसंस्था दूरचित्रवाणीच्या जमान्यातही लोकांच्या घरात पोहोचली होती. ही मालिका आजही लोकांच्या तोंडी आहे, पण तिच्यामागे दुर्गाबाईंचे नाव होते हे फार थोड्यांना माहीत आहे.

आता मोठ्या पडद्यावरची दुसरी खेप. १९६०च्या ‘मुघल-ए-आझम’मध्ये त्या जोधाबाई झाल्या. अकबर पृथ्वीराज कपूर. ‘सीता’मधली रामसीतेची जोडी सव्वीस वर्षांनी बादशहा आणि मलिका म्हणून समोरासमोर आली. एका बाजूला बंड करणारा मुलगा, दुसऱ्या बाजूला न्यायापुढे पितृत्व विसरणारा नवरा, आणि मध्ये आई. दिलीपकुमार आणि मधुबाला यांच्या प्रेमकथेच्या झगमगाटात ही भूमिका हरवून जायला हरकत नव्हती. पण दुर्गाबाई ज्या ज्या प्रसंगात आहेत तिथे राजकारण मागे सरकते आणि एका घरातली तेढ पुढे येते. पृथ्वीराजांचा आवाज गडगडतो, त्याला त्या आवाज चढवून उत्तर देत नाहीत, आणि त्यामुळेच तराजू सारखा राहतो.

कपूर घराण्याशी त्यांचे नाते एवढ्यावर संपत नाही. १९६३ साली जेम्स आयव्हरी यांच्या पहिल्या कथाचित्रात, ‘द हाउसहोल्डर’मध्ये, त्या शशी कपूरच्या आई होत्या. १९७३ साली राज कपूरने ‘बॉबी’ काढला तेव्हा दुर्गाबाई अडुसष्ट वर्षांच्या होत्या. त्यात त्या मिसेस ब्रगांझा, बॉबीची गोव्याकडची आजी, नायक राजाला, म्हणजे ऋषी कपूरला, लहानपणी सांभाळणारी. राजा तिला भेटायला तिच्या घरी जातो आणि दार उघडते बॉबी, केसाला पीठ लागलेले. तो प्रसंग सगळ्यांना पाठ आहे. पण तो मुलगा त्या दारात उभा राहतो तो आजीच्या ओढीने, हे पटावे लागते, नाहीतर पुढची प्रेमकथाच उभी राहत नाही. श्रीमंत आईबापांच्या घरी न मिळालेली माया या आजीकडे आहे, हे दुर्गाबाई एखाद्या नजरेने, गालावरून फिरवलेल्या हाताने दाखवतात. पृथ्वीराज, शशी, राज, ऋषी. एकाच घराण्याच्या तीन पिढ्यांबरोबर त्यांनी काम केले.

‘अनुपमा’, ‘आनंद’, ‘अभिमान’ या हृषीकेश मुखर्जींच्या चित्रपटांतही त्या आहेत. दोनचार प्रसंगांच्या भूमिका. हृषीदांच्या चित्रपटांतली घरे खरी वाटतात, त्याला अशा ज्येष्ठ कलावंतांचा मोठा हातभार आहे. १९७४च्या ‘बिदाई’साठी त्यांना फिल्मफेअरचा सहायक अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. सत्तरीच्या उंबरठ्यावर. १९८०च्या ‘कर्ज’मध्ये मुलाच्या पुनर्जन्माची वाट पाहणारी आई त्यांनीच केली.

सुमारे २०० चित्रपट. १९६८ साली पद्मश्री. १९८३चा दादासाहेब फाळके पुरस्कार. देविका राणी, रुबी मायर्स आणि कानन देवी यांच्यानंतर हा सन्मान मिळालेल्या त्या चौथ्या स्त्री. ज्या फाळक्यांना तारामतीसाठी बाई मिळाली नव्हती, त्यांच्याच नावाचा पुरस्कार बोलपटातल्या तारामतीला मिळाला. ‘मी, दुर्गा खोटे’ हे आत्मचरित्र त्यांनी मराठीत लिहिले आणि शांता गोखले यांनी ते इंग्रजीत नेले. शेवटची वर्षे त्यांनी अलिबागला काढली. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्या गेल्या.

मग ‘कुलीन घराण्यातली पहिली’ या बिरुदाचे काय करायचे? त्याचा ऐतिहासिक उपयोग नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या येण्याने पुष्कळ घरांतल्या मुलींसाठी दार उघडले, हे खरेच आहे. पण दार उघडणे एका दिवसाचे काम असते. त्यापुढची पन्नास वर्षे त्यांनी रोजच्या कामाने भरून काढली. वेळेवर सेटवर येणे, संवाद पाठ असणे, भूमिका मोठी की लहान हे न पाहता तिला पुरे पडणे, नवीन माध्यम आले की ते शिकून घेणे, आणि करार आपल्या अटींवर करणे. या व्यवसायात स्त्रीला कारागीर म्हणून, मालक म्हणून आणि निर्माती म्हणून उभे राहता येते, हे त्यांनी कृतीने दाखवले. आजची कोणतीही अभिनेत्री स्वतःची निर्मितीसंस्था काढते तेव्हा ती दुर्गाबाईंनी घालून दिलेल्या वाटेने चालत असते, तिला ठाऊक असो वा नसो.

म्हणून या सभागृहातल्या सर्वांना एक विनंती. ‘अयोध्येचा राजा’ आणि ‘अमरज्योती’ हे दोन चित्रपट जरूर पाहा. तुमच्या गावातल्या फिल्म सोसायटीला, वाचनालयाला, महाविद्यालयाच्या कलामंडळाला ते दाखवण्याचा आग्रह करा. ‘मी, दुर्गा खोटे’ हे पुस्तक आपल्या ग्रंथालयात आहे का ते पाहा, नसेल तर मागणी नोंदवा. आणि घरातली एखादी मुलगी अभिनयाकडे वळायचे म्हणत असेल, तर तिच्या हाती हे पुस्तक द्या, कारण या धंद्यात स्वाभिमानाने काम कसे करायचे याचे मराठीतले इतके रोखठोक वर्णन तिला दुसरीकडे सहज सापडणार नाही.